अकरा फुटांत गुदाम लाईन

माझ्या दाजींनी बैठकीतला दिवाण बाहेर काढला तेव्हाच मला समजायला हवं होतं, की हे प्रकरण साधं नाही. तो दिवाण म्हणजे त्या घरातली माझी हक्काची जागा. रोज संध्याकाळी मी त्यावर मांडी ठोकतो, चहा पितो, साखर कमी पडली म्हणून अक्काशी कुरकुर करतो आणि आपल्या घरी जातो. त्या दिवशी गेलो, तर दिवाण जिन्याखाली उभा करून ठेवलेला आणि त्याच्या जागी, भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, स्टुलांवर टेकवलेली प्लायवूडची लांबलचक फळी.

"बसायचं कुठं?" मी विचारलं.

"कंडक्टर माणूस तू. जन्मभर उभा होतास, अजून घडीभर उभा राह्य," दाजी म्हणाले. नजर फळीवरच होती.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, शीलाअक्काचे यजमान, बद्रीनाथ. मी एसटीत कंडक्टर होतो आणि ते रेल्वेत मालगाडीचे गार्ड. दोघंही रिटायर झालो, पण भांडण काही रिटायर झालं नाही. मी म्हणतो, आम्ही माणसं वाहिली, तुम्ही खताच्या गोण्या. ते म्हणतात, खिडकीपाशी बसण्यावरून गोण्या कधी भांडल्या नाहीत.

शेवटच्या डब्यात बसायची गार्डाची सवय त्यांच्या अंगात मुरलेली. लग्नाला गेलं तरी मंडपातून सगळ्यांत शेवटी निघणार. सगळे गाडीत बसले का, कोणाची पिशवी राहिली का, एखादं पोर मागं राहिलं का, हे बघितल्याशिवाय पाय उचलणार नाहीत. घरातून बाहेर पडतानाही पुढं अक्का आणि मागं हे. तुझ्या नवऱ्याला लग्नात नव्हे, यार्डात जोडलंय, असं मी अक्काला कायम चिडवत आलोय.

फळीवर व्हायची होती गुदाम लाईन. शहराबाहेरच्या एका छोट्या स्टेशनातून एक फाटा निघायचा आणि चार किलोमीटरवर, धान्याच्या आणि खताच्या गुदामांपाशी संपायचा. कागदोपत्री त्याचं नाव दुसरंच काहीतरी होतं, पण सगळे गुदाम लाईनच म्हणायचे. त्यावरून माणसांची गाडी कधी गेली नाही. दाजींची निम्मी नोकरी त्या फाट्यावर झाली. पुढं माल ट्रकनं यायला लागला, गुदामं ओस पडली आणि रूळ उचलले गेले. त्या दिवसापासून दाजी त्या बाजूला फिरकलेसुद्धा नाहीत. आता त्यांना ती लाईन घरात मांडायची होती, बोटाएवढे डबे, छोटंसं इंजिन, पूल, फाटक, सगळं जिथल्या तिथं.

म्हातारपणी माणसाला काहीतरी नाद हवा, असं म्हणून मी सोडून दिलं असतं. पण ती फळी नादापायी आलेली नव्हती, भीतीपायी आलेली होती. आणि हे त्या घरातल्या प्रत्येकाला माहीत होतं.

झालं असं होतं. दाजींची नात संस्कृती दुसरीत आहे. तिचा बाप शिवम वाळूजला कंपनीत जातो, आई मंजुषा पतसंस्थेत. त्यामुळं पोरीला शाळेत सोडणं-आणणं हे दाजींचं काम आणि दिवसभरातलं सगळ्यांत मोठं सुख. शाळा सिडकोत, घर मुकुंदवाडीत. डोळे मिटून यावं असा रस्ता. स्कूटरवर पोरगी मागं बसणार आणि दोन्ही मुठींत आबांचा, म्हणजे दाजींचा, शर्ट धरणार. दिवाळीची सुट्टी संपून शाळा सुरू झाली आणि एके दिवशी दोघं वेळेवर आलेच नाहीत. अक्कानं फोन लावला, बंद. मंजुषा काम टाकून पळत आली. मी शाळेपर्यंत जाऊन आलो, शाळा रिकामी. आम्ही सगळे दारात उभे असताना दोघं आले ते भलत्याच बाजूनं, हर्सूलकडून.

"ट्राफिक होतं," एवढं बोलून दाजी थेट न्हाणीत जाऊन तोंड धुवू लागले.

संस्कृती म्हणाली, "आबा रस्ता विसरले. आम्ही लई फिरलो."

सगळ्यांच्या डोळ्यांपुढं एकच बाई उभी राहिली होती. दाजींची आई, भागूबाई. खुलताबादजवळच्या गावात असायची. शेवटच्या वर्षांत तिच्या डोक्यातलं एकेक पुसत गेलं. सुरुवात अशीच झाली होती, रानातून घरी येताना वाट चुकण्यापासून. पुढं ती दाजींना आपला भाऊ समजू लागली आणि मला माहेरी नेऊन घाल म्हणून हात जोडू लागली. दाजी तिला हाताला धरून गावाला एक चक्कर मारून आणायचे आणि परत तिच्याच दारात उभं करायचे. ती खूश होऊन म्हणायची, आलं गं बाई माझं माहेर. मी हे बघितलंय. तेव्हा आम्हाला थोडं हसू यायचं. आता येत नाही.

दुसऱ्या दिवसापासून संस्कृतीला रिक्षा लावली. जेवताना शिवम हळूच म्हणाला, "पप्पा, एकदा डॉक्टरला दाखवून येऊ."

दाजी ताटावरून उठले. हात धुऊन आले आणि उभ्या उभ्याच म्हणाले, "माझं डोकं शाबूत आहे. गुदाम लाईन मी मनानं काढून दाखवतो. तिकडं जाणार नाय, कोणाला इचारणार नाय, मोबाइलवर बघणार नाय. झाली की घेऊन जा आन् जाग्यावर ताडून पाह्य. बरोबर निघाली तर डॉक्टरचं नाव काढायचं नाय, आन् पोरीला मीच आणणार. चुकली तर म्हणशील तिथं येतो."

शिवमनं माझ्याकडं बघितलं. मी अक्काकडं बघितलं. ती एका बाहीला टाके घालत होती, तिनं मान वर केली नाही. शेवटी शिवम म्हणाला, "चालंल."

असा तो सगळा घाट. वरवर खेळण्यातली आगगाडी, आणि खाली एका माणसाचं डोकं पणाला लागलेलं.

अक्का घरी शिलाईचा क्लास चालवते. कटिंग शिकवायला तिच्याकडं बटर पेपरचा रोल असतो, पलीकडचं दिसेल इतका पातळ कागद. त्यातला फळीच्या लांबीचा तुकडा दाजींनी कापून घेतला, डाव्या टोकाला स्टेशन लिहिलं, उजव्या टोकाला गुदाम लिहिलं, आणि मधल्या कोऱ्या कागदाकडं बघत बसले.

पहिला घोळ लांबीचा. लाईन चार किलोमीटर आणि फळी अकरा फूट.

"मधलं गाळा की," मी म्हणालो. "आमच्याकडं विनाथांबा गाडी असायची तसं."

"काय गाळू? तूच सांग. नाल्यावरचा पूल गाळू? म्हसोबा गाळू?"

"ते बाभळीचं बन गाळा. बाभळी काय, कुठंबी असत्यात."

दाजींनी पेन्सिल खाली ठेवली. "आज गाळीन, आन् उद्या शिवम म्हणंल, इसरले."

त्यांच्या लेखी गाळणं आणि विसरणं एकच झालं होतं. त्यामुळं अकरा फुटांत ते सगळंच कोंबत होते. फाटकवाल्याची खोली, तिच्यापुढचे दोन कडुलिंब, त्यातला एक वीज पडून अर्धा जळालेला. ज्याला ते येता-जाता हिरवी झेंडी दाखवायचे तो शेंदूर फासलेला म्हसोबा. मोठं वळण आणि वळणाच्या पोटातली विहीर. गुदामाचा फलाट आणि त्याचा ढासळलेला कोपरा, जिथं दरवर्षी एक कुत्री व्यायची. काढायचं, बघत बसायचं, खोडायचं, पुन्हा तिथंच काढायचं. खोडरबराचा चुरा बैठकीभर. मी चहा घेऊन उभा असायचो आणि मनातल्या मनात त्यांच्यासाठी देवाला हात जोडायचो, मी, ज्याला देवळात गेलं की चपलांची काळजी पडते.

एका संध्याकाळी त्यांना फाटकवाल्याचं नाव आठवेना. नाव नकाशात लागणार नव्हतं, पण आठवत नाही म्हटल्यावर ते त्यांना सोडेना. "काळा, उंच, कानात बाळी... त्याच्या घरची लसणाची चटणी आणायचा... त्याचं नाव, त्याचं नाव..." कपाळाला घाम आला. फळीपुढं येरझाऱ्या सुरू झाल्या. मला नाव माहीत होतं. भिकन. त्याच्या पोरीच्या लग्नात दाजींबरोबर मी जेवून आलो होतो. ते माझ्या अगदी ओठांवर आलं होतं, पण अट होती. एखाद्या माणसाच्या नाकातोंडात पाणी जाताना बघावं आणि काठावर हात बांधून उभं राहावं, तसं झालं मला. मी तिथं थांबलोच नाही. बाहेर येऊन गेटाशी उभा राहिलो.

अक्का मागोमाग आली. पिठाचे हात तसेच.

"नाना, चुकलं तर रे?"

"चुकलं तर दवाखान्यात जाऊ. आजकाल गोळ्या असत्यात."

"ते नाय म्हणत मी. ह्यांच्या आईला, आत्याबाईंना, कळत नव्हतं आपलं काय चाललंय ते. ह्यांना कळंल. रोज कळंल."

मी तिच्यावर उगाच डाफरलो की अशुभ बोलू नकोस. मला राग आला की समजावं, मी घाबरलोय. तेवढ्यात आतून दाजींचा आवाज आला, "भिकन," आणि अक्का तिथंच पायरीवर बसली आणि पदर तोंडात धरून रडली.

संक्रांतीनंतरच्या रविवारी नकाशा पुरा झाला. दाजींनी इस्त्रीचा शर्ट घातला आणि कागद गुंडाळून मांडीवर धरला. शिवमनं गाडी काढली. मी मागं बसलो. संस्कृतीला यायचं होतं, तिला मंजुषानं आत ओढलं.

रूळ होते तिथं आता नुसता मातीचा भराव उरलाय. लोकांनी त्यावर पायवाट पाडलीय आणि दोन्ही बाजूंना प्लॉटिंगचे रंगवलेले दगड लागलेत. स्टेशनाकडं पाठ करून आम्ही चालायला लागलो. कागद शिवमच्या हातात. नाल्यावरचा पूल कागदावर होता तिथंच आला. पुलाखाली कचरा साठलेला, पण पूल तोच.

"बरोबर," शिवम म्हणाला. मी दाजींच्या पाठीवर थाप मारली. ते हसले नाहीत, पुढं चला म्हणाले.

मग फाटकाची खोली दिसली. तिथं आता पंक्चरचं दुकान आहे. ती उजव्या हाताला होती. कागदावर डाव्या हाताला. शिवमनं कागद बघितला, खोली बघितली, पुन्हा कागद बघितला.

"दुकान मागून हलवलं असंल," मी म्हणालो.

पण खोलीपुढं दोन कडुलिंबही होते, एक अर्धा जळालेला. झाडं कोण हलवतं? माझ्यासारख्या शहाण्यानं गप्प राहायला हवं होतं. पुढं म्हसोबा आला, फरशी बसवलेला, लोखंडी जाळीतला. तो डावीकडं. कागदावर उजवीकडं. त्याच्यापुढं वळण. कागदावर लाईन डावीकडं वळत होती आणि आमच्या पायाखालचा भराव सरळ सरळ उजवीकडं चालला होता.

दाजी थांबले. भरावावर उकिडवे बसले आणि हातात थोडी खडी घेतली.

"पुढं नगं," ते म्हणाले. "चला."

शिवम चिडला असता, एखादा टोमणा मारला असता, तर बरं झालं असतं. त्यानं कागद गुंडाळला आणि बापाच्या दंडाला धरून त्यांना उठवलं, आजाऱ्याला धरतात तसं. गाडीत बसताना दाजी पहिल्यांदाच सगळ्यांच्या आधी आत शिरले. मागं कोण राहिलं ते त्यांनी बघितलं नाही.

घरी येऊन ते आतल्या खोलीत भिंतीकडं तोंड करून आडवे झाले. शिवम बाहेर फोनवर डॉक्टरची वेळ विचारत होता. अक्कानं तो कागद आपल्या कटिंगच्या टेबलावर पसरला आणि चारी कोपऱ्यांवर कात्री, टेप, चहाचा कप, जे हाताला लागलं ते ठेवलं.

"काय काय चुकलं?" तिनं विचारलं.

मी सांगितलं. खोली उजवीकडं पाहिजे, डावीकडं आहे. म्हसोबा डावीकडं पाहिजे, उजवीकडं आहे. वळणही उलटं.

"आन् पूल?"

"पूल बरोबर. पुलाला कुठं डावं-उजवं असतंय."

"म्हणजे एकबी बाजू बरोबर नाय आली?"

"एकबी नाय. उगाच काय उकरून काढतीस अक्का, झालं ते झालं."

तिनं माझ्याकडं लक्षच दिलं नाही. कागदावरून बोट फिरवत राहिली. मग म्हणाली, "नाना, इसरलेलं माणूस असं चुकत नाय. आत्याबाई दहा गोष्टी सांगायच्या, चार खऱ्या, सहा खोट्या. हितं तर झाडून सगळं चुकलंय. क्लासला नवी पोरगी आली की पहिल्या ब्लाउजला एकाच हाताच्या दोन बाह्या कापून आणती. माप बरोबर असतं, कापड बरोबर असतं. कागद पालथा ठेवायचा राह्यलेला असतो."

तिनं कात्री आणि कप बाजूला सारले, कागद उचलून पालथा केला आणि खिडकीच्या काचेवर धरला. बाहेर ऊन होतं. पातळ कागदातून पेन्सिलीची रेघ न् रेघ दिसली. पूल. उजव्या हाताला खोली आणि दोन कडुलिंब. डाव्या हाताला म्हसोबा. मग उजवीकडं गेलेलं वळण. सकाळी मी ज्या भरावावर उभा होतो तो जसाच्या तसा काचेवर होता.

अक्का कागद हातात घेऊनच आतल्या खोलीत गेली. मी दारात उभा राहिलो.

"अहो, उठा. मला सांगा, गुदामाला जाताना तुम्ही कुठं बसायचे?"

"गार्ड कुठं बसंल," दाजी भिंतीकडं बघूनच म्हणाले. "शेवटच्या डब्यात."

"तोंड कुठं करून?"

"मागं. मागं बघायचाच तर पगार होता."

"मागं म्हणजे शहराकडं."

"व्हय."

"आन् येताना?"

"येताना इंजिनात बसून यायचं. डबे गुदामात सोडायचे आन् मोकळं इंजिन घेऊन परत. रिकामे डबे दुसऱ्या पाळीवाला आणायचा."

"मग तवा तोंड कुठं?"

दाजींनी कूस बदलली. हळूहळू उठून बसले. "शहराकडंच," ते म्हणाले.

म्हणजे जिथं निम्मी नोकरी गेली, त्या लाईनवर या माणसानं गुदामाकडं तोंड करून कधी बघितलंच नव्हतं. जाताना शहर लांब जाताना बघायचं आणि येताना तेच जवळ येताना बघायचं. त्यांच्या मनातलं डावं-उजवं कायम शहराकडं तोंड असतानाचं, आणि कागदावर मात्र लाईन काढली स्टेशनापासून गुदामाकडं. चूक झाली ती एवढीच. मला इतका आनंद झाला की मी अक्काला म्हणालो, आजपासून तुझ्या चहाला नाव ठेवणार नाही. ती म्हणाली, ठेवशील.

शिवम पालथा कागद घेऊन एकटाच परत गेला. आला तो दारातूनच सांगत. वळणाच्या पोटातली विहीर सापडली होती, बुजवलेली, पण कठडा होता. फलाटाचा ढासळलेला कोपरासुद्धा जिथं दाखवला तिथंच होता. येताना त्यानं गोड म्हणून इमरती आणली होती. संस्कृती फळीपुढं गोल गोल पळू लागली. मंजुषानं सासऱ्यांच्या हातात डिश दिली. त्या दिवशी दारात पोरीला छातीशी घट्ट धरणारी तीच होती, म्हणून तिचं बोलणं मला जास्त मोलाचं वाटलं.

"पप्पा, उद्यापासून रिक्षा बंद," ती म्हणाली. "तुम्हीच आणा तिला."

सगळे हसत होते. दाजीही हसले. पण इमरती त्यांनी मोडून नुसती डिशमध्ये फिरवली, आणि मी निघालो तेव्हा मला सोडायला गेटापर्यंत आले. गेटापर्यंत काय, कोपऱ्यावरच्या किराणा दुकानापर्यंत आले. ऊन कलायला लागलं होतं.

"नाना, लाईन बरोबर निघाली," ते म्हणाले.

"निघाली म्हणजे काय. तुमच्या पोराचं तोंड बघितलं नाय का?"

"पण त्या दिवशी झालं ते हे नव्हतं रे."

मला समजलं नाही. ते दुकानाच्या ओट्यावर टेकले.

"त्या दिवशी मी सिग्नलला थांबलो होतो. हिरवा पडला. मागचे हॉर्न मारू लागले. मला कळंना कुठं जायचं. तेबी चालतं, माणूस रस्ता इसरतो. मग मागून कोणी तरी माझा शर्ट ओढला. मी वळून पाह्यलं. नाना, ही पोरगी कोणाची, ते मला माहीत नव्हतं. कोणाचं तरी लेकरू माझ्या गाडीवर बसलंय, आन् ते मी कुठून आणलं, कुठं नेऊ राह्यलो, कायी म्हणजे कायी नव्हतं डोक्यात. ती आबा म्हणली, तरीबी नाय. दुसऱ्यांदा म्हणली तवा आलं."

काहीतरी म्हणायचं म्हणून मी म्हणालो, "होतं असं कधी कधी. थकवा असंल."

"तुला झालंय का कधी?"

मला नव्हतं झालं. मी खोटं बोलू शकलो असतो. बोललो नाही.

"मला वाटलं, लाईन जमली तर ते पुसून जाईल," दाजी म्हणाले. "लाईन जमली. ते हाये तसंच हाये."

"मग आता?"

"आता काय. गार्डला शंका आली तर हिरवी दाखवायची नसती. मग पुढं ड्रायव्हर किती का शिट्ट्या मारंना."

मी म्हणालो, मी सांगतो शिवमला, तुम्ही नका बोलू. माझ्यात तेवढा दम होता की नाही कोण जाणे. पण ते उठले, धोतर झटकल्यासारखी पँट झटकली आणि घराकडं चालू लागले. मी मागोमाग गेलो. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांच्या मागं चालत होतो.

बैठकीत सगळे होतेच. दाजी फळीपाशी उभे राहिले आणि म्हणाले, "मंजुषा, रिक्षा बंद करू नको. पोरीला माझ्याबरोबर पाठवायचं नाय. मी सांगितलं तरी नाय पाठवायचं. शिवम, उद्याची वेळ घे." मग त्यांनी सिग्नलवरचं सगळं सांगितलं, संस्कृतीला आत पाठवून. अक्का ऐकताना त्यांच्या शर्टाची बाही धरून उभी होती. मंजुषा रडली. मी दिवाण शोधत होतो, बसायला.

डॉक्टर म्हणाले, सुरुवात आहे. गोळ्या चालू झाल्यात. पुढं किती भरभर जाईल ते सांगता येत नाही म्हणाले, आणि तसं ते कोणालाच सांगता येणार नाही.

लाईन मात्र मांडून झालीय. सुलट बाजूनं, अकरा फुटांत, बाभळीच्या बनासकट. दिवाण अजून जिन्याखालीच आहे आणि मी उभ्यानं चहा पितो. साखर कमी असते. संस्कृती रिक्षातून उतरली की दप्तर फेकून थेट फळीपाशी येते. दाजी तिच्याकडून रोज सगळं म्हणून घेतात. तिला सगळं पाठ आहे. पूल, भिकनची खोली, जळका कडुलिंब, म्हसोबा, विहीर, कुत्रीचा कोपरा. दाजी बोट ठेवतात, ती सांगते, ते म्हणतात, "बरोबर."

परवा त्यांनी विहिरीवर बोट ठेवलं आणि विचारलं, "हे काय आहे?" संस्कृती म्हणाली, "विहीर." ते लगेच बरोबर म्हणाले नाहीत. विहिरीकडं बघत राहिले, मग तिच्या तोंडाकडं बघितलं, आणि मग म्हणाले. आबा आपली परीक्षा घेतात असं तिला वाटतं, आणि अक्कानं मला बजावलंय, तिला तसंच वाटू दे.